हलकंफुलकं

८ जानेवारी

दातांच्या डॉक्टरांनी आज मला घरी पाठवलं. बोलले अगदी गोड. दवाखान्याचं रूप पालटायचंय, भिंतींना नवा रंग, नव्या खुर्च्या, आणि पुढच्या टेबलाशी एखादा ताजा चेहरा. ताजा चेहरा बाहेर येऊन बसलेलाच होता. कंबर माझ्या दंडाएवढी. मी तिला फोनची बटणं दाखवली, कुठलं कपाट लाथ मारल्याशिवाय उघडत नाही ते सांगितलं, पर्स उचलली आणि निघाले. इतकी वर्षं लोकांच्या दाढदुखीचे फोन घेतले, त्यातल्या एकालाही माझा चेहरा शिळा वाटला नव्हता. ठणका लागलेल्या माणसाला चेहरा दिसत नाही म्हणा.

बाहेरच्या काचेत मी दिसले. आरशांकडे मी बघत नाही, पण ही काच समोरूनच अंगावर आली.

घरी हे म्हणाले, "बरं झालं, थोडी विश्रांती घे." यांना छापखान्यातून कुणी अशी विश्रांती दिली असती म्हणजे कळलं असतं.

जेवले नाही. भूक होती. पण आज जेवायचा हक्क आहे असं वाटेना.

२० जानेवारी

ताई येऊन गेली. माझी सख्खी मोठी बहीण. पोहण्याच्या तलावावर बायकांना शिकवते. माझ्या चांगली दीडपट आहे आणि त्या अंगाने रोज सकाळी पोहण्याचा पोशाख घालून चारचौघींसमोर उभी राहते. तिला लाज कशी वाटत नाही, हे कोडं मला लहानपणापासून सुटलेलं नाही. आली की आधी स्वयंपाकघरातले डबे उघडून बघते, सापडेल ते ताटलीत घेते, मग बोलायला लागते.

म्हणाली, "तुझ्या हाताला चव आहे. नोकरी गेली तर गेली, जेवणाचे डबे सुरू कर."

मी म्हटलं, लोकांना आता चव नको असते, बारीक व्हायचं असतं. ती हसली, खात राहिली. मी मात्र माझ्याच वाक्यापाशी अडकले. खरंच की. या विषयात माझ्याइतका अभ्यास कुणाचा आहे? तेरा वर्षांची होते तेव्हा आईने पाहुण्यांसमोर माझ्या हातातली ताटली काढून घेतली होती. म्हणाली, "हिला पुरे. हिचं खाल्लेलं कुठे जातं ते दिसतंय सगळ्यांना." सगळे हसले. मीही हसले. तेव्हापासून कशात किती असतं आणि ते अंगावर कुठे जाऊन बसतं, हे मला झोपेतून उठवून विचारा. या विद्येचा आजवर काडीचा उपयोग झाला नाही. आता करून दाखवीन.

३ फेब्रुवारी

सुरू झालं. नाव ढमीने सुचवलं, "हलकंफुलकं". दुपारचा एकच डबा. सूप, उकडलेल्या भाज्या, मोजका भात नाहीतर अंडं, आणि फळाची फोड. तेल चमच्याने नाही, ब्रशने.

ढमी म्हणजे माझी लेक, एकुलती एक. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, घरांचे नकाशे काढायला शिकते. जन्मली तेव्हा गोलमटोल, म्हणून यांनी ठेवलेलं लाडाचं नाव, आणि पोरगी ते नाव सार्थ करत मोठी झाली. बांधा नेमका माझा घेतला. यांची उंची घ्यायची, सासूबाईंचा लांबट चेहरा घ्यायचा, तर ते नाही. ती पाठमोरी चालायला लागली की मला मीच चाललेली दिसते. मी जे ऐकून घेतलं ते हिला ऐकावं लागू नये, एवढंच माझं मागणं आहे.

आज डबे भरता भरता म्हणाली, "आई, तुझं पहिलं गिऱ्हाईक मी. माझाही भर."

मी तिच्या डब्यात फळाची फोड जरा मोठी टाकली. तिने ती उचलून दुसऱ्या डब्यात ठेवली आणि लहान घेतली. हुशार आहे पोरगी.

१८ फेब्रुवारी

गिऱ्हाईकं जमतायत. पलीकडच्या रस्त्यावरच्या बँकेतल्या मॅनेजरबाई दुपारी माझा डबा घेतात आणि संध्याकाळी बेकरीतून खोकं घेऊन निघतात. परवा समोरासमोर आलो तर खोकं पाठीमागे लपवलं त्यांनी, शाळेतल्या मुलीसारखं. मी दिसलंच नाही असं दाखवलं. धंद्यात हे शिकावं लागतं. वरच्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न ठरलंय. ती म्हणते, काकू, मला फक्त त्या एका पोशाखात मावायचंय, फोटो झाले की मी आणि माझं पोट मोकळे.

ढमी कॉलेजला जायच्या आधी सगळं तोलून देते. नकाशे काढणारा हात, इकडचं तिकडे होत नाही. मी भात किंचित जास्त टाकला तर चार शितं काढून घेते. हे बघत होते. म्हणाले, "माणसं जेवणार आहेत की चिमण्या?" यांना धंदा कळत नाही.

डबे गेले की मी ओट्याशी उभ्यानेच काहीतरी तोंडात टाकते. ताट वाढून घेऊन बसायची सवय केव्हाच गेली. कुणाला चुकल्यासारखंही वाटत नाही.

१५ मार्च

आज जाऊबाईंकडे सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. जाऊबाई आधीपासूनच काटकुळ्या. माझ्या लग्नापासून मला बघितलं की "तब्येत छान आहे हं" म्हणत आल्यात. तो "हं" माझ्या हाडांत जाऊन बसलाय.

आज ढमी आत शिरली आणि जाऊबाईंच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. "अगं, ही आपली ढमी? किती गोड दिसायला लागली. केलंस काय?" बायका गोळा झाल्या तिच्याभोवती. कुणी हनुवटी धरतंय, कुणी कंबरेला हात लावून बघतंय. ती खाली बघून हसत होती. मी दाराशी उभी राहून ते सगळं डोळे भरून बघत होते. माझ्याभोवती असं कधी कुणी जमलं नाही.

जेवताना तिने काकडी घेतली आणि सगळ्यांची जेवणं होईपर्यंत तेवढीच खात बसली. जाऊबाई म्हणाल्या, "काय संयम आहे पोरीचा." त्यांची स्वतःची मुलगी तेव्हा तिसऱ्यांदा भात घेत होती. मला काही बोलायची गरजच नव्हती.

येताना बसमध्ये ढमी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. एवढ्या हसऱ्या दिवसानंतर इतकी का दमली कोण जाणे.

९ एप्रिल

नाक्यावर जिम आहे. त्या जिमवाल्याने सुचवलं की पत्रक काढा, आधी आणि नंतर असे दोन फोटो टाका, माझ्याकडे वाटायला ठेवतो. त्याने ढमीला रस्त्यात पाहिलं होतं.

आधीचा फोटो लगेच सापडला. दोन वर्षांपूर्वीचा, समुद्रावरचा. ओले कपडे अंगाला चिकटलेले, तोंड उघडं टाकून हसतेय, गाल डोळ्यांवर चढलेत. नंतरचा मी काढला, खिडकीशी, काळ्या कपड्यांत. तिला विचारलं, चालेल ना? म्हणाली, तुला उपयोग होत असेल तर लाव. मग आधीचा फोटो हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली.

"ही किती घाण दिसते, नाही?"

मी म्हटलं, आता कुठे राहिलीय ती?

पत्रकं यांच्याच छापखान्यात छापली. पहिली प्रत यांनी टेबलावर ठेवली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली. म्हणाले, "आधीचा फोटो छान आलाय."

मुद्दाम बोलताय का, मी विचारलं. "नाही गं. छान आलाय." आणि हात धुवायला गेले. या माणसाला आयुष्यात एकदाही माझ्या बाजूने बोलता आलं नाही.

२१ मे

उकाडा असा की ओट्याशी उभं राहवत नाही. आणि ढमी घरात स्वेटर घालून बसते. वेड लागलं का, म्हटलं, तर म्हणे कॉलेजातला एसी अंगात भरलाय.

न्हाणीघरात पाणी तुंबत होतं. नळवाल्याने जाळी उचलून खालून केसांचा गुंता ओढून काढला, उंदराएवढा. घरात कुणाचे गळतायत एवढे, त्याने विचारलं. मी म्हटलं, इकडचं पाणीच खराब आहे. नळाला गाळणी बसवून घेतली.

कपाट आवरताना ढमीच्या पॅडची पाकिटं दिसली. मी मार्चपासून आणून ठेवतेय, एकही फोडलेलं नाही. ती म्हणाली, परीक्षेचा ताण. असेल. मलाही कॉलेजात असताना महिनोन् महिने पाळी यायची नाही. आई म्हणायची, बरंच आहे, तेवढी कटकट वाचली.

जिममधून रोज नवी गिऱ्हाईकं येतात. मोठं पातेलं घ्यावं लागलं. कितीतरी वर्षांनी सकाळी उठताना वाटतं की मीही कुणीतरी आहे. मग दुपारी डबे गेले, घर रिकामं झालं की ते वाटणं जातं आणि मी पलंगाच्या कडेला बसून राहते. कशासाठी बसलेय ते आठवत नाही. उन्हाने होत असेल.

६ जून

ताईशी भांडले.

तिने ढमीला बळेच तलावावर नेलं होतं. पाण्यात उतरल्यावर थोड्याच वेळात हिचे ओठ निळे पडले, दात वाजायला लागले. ताईने तिला बाहेर काढून दोन टॉवेलांत गुंडाळलं, घरी सोडलं, आणि संध्याकाळी तडक माझ्याकडे आली. पहिल्यांदाच आल्या आल्या डबे उघडले नाहीत.

म्हणाली, मी रोज बायकांची अंगं बघते, जाड्या, बारीक, म्हाताऱ्या, बाळंतिणी, सगळ्या. हे बारीक होणं नव्हे. पाठीचा मणकान् मणका वर आलाय. दंडांवर लव उगवलीय, अंगात ऊब राहिली नाही म्हणून. पोरगी झिजतेय आणि तू तिचा फोटो वाटतेस. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे ने.

मी ऐकून घेतलं आणि मग मला म्हणायचं होतं ते म्हटलं. की तुला जन्मभर स्वतःच्या तोंडावर ताबा ठेवता आला नाही, म्हणून दुसऱ्याचा ताबा तुला रोग वाटतो. की तुला मूल नाही, तुला काय कळणार. की माझं काही बरं चाललेलं तुला बघवत नाही.

ताई उठली. दारात म्हणाली, "माझ्यावर हवा तेवढा राग काढ. पण तिला ने."

पाणीसुद्धा न घेता गेली. मला वाईट वाटायला हवं होतं. ढमी आतून ऐकत होती. बाहेर येऊन मला घट्ट धरलं आणि म्हणाली, बरोबर बोललीस आई. तिची कोपरं मला टोचली.

२२ जून

ढमीला केकचा नाद लागलाय. फोनवर तासन् तास लोकांचे केक फुगताना बघत बसते. आज यांच्यासाठी तीन थरांचा केला, लोण्याचा, वर क्रीमची फुलं. समोर बसून यांना खायला लावला. प्रत्येक घास तोंडात जाईपर्यंत डोळे हलत नव्हते तिचे. "घ्या ना बाबा, अजून घ्या." हे म्हणाले, तू? तर म्हणे, करतानाच इतका चाखला की नको झालं.

मी स्वयंपाकघरातच होते. तिने चमचासुद्धा चाटला नव्हता. बोटाला क्रीम लागलं तर साबणाने धुतलं. मला खरं सांगायचं तर कौतुक वाटलं. तिच्या वयात मला हे जमलं नसतं. मी सगळ्यांच्या नकळत खायचे आणि मग न्हाणीघरात जाऊन जे करायचे ते लिहिण्यासारखं नाही.

यांनी तिला ढमी म्हणणं सोडलंय. आज हाक मारायला तोंड उघडलं, "ढ" वर थांबले, आणि मग "बाळा" म्हणाले. केकचा अख्खा तुकडा कसाबसा संपवला यांनी. डोळ्यांत पाणी होतं. क्रीम जास्त झालं असेल.

८ जुलै

आठवडा झाला, ढमी कॉलेजला गेली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते. मैत्रिणींचे फोन घेत नाही. आज पडदा सरकवून विचारलं, काय झालं, कुणा मुलाची भानगड आहे का? म्हणाली, "कंटाळा आलाय."

कशाचा?

"असण्याचा."

हल्लीची मुलं बोलतात असं, कुठेतरी ऐकून. मी म्हटलं, ऊठ, डबे भरायला घे, बरं वाटेल. उठली. भरले. नेहमीसारखे चोख.

मलाही वाटतंच की सकाळी डोळे उघडताना. मी कधी कुणाला सांगत बसले का?

१९ जुलै

डबे पोचवायला गेलेली ढमी बँकेच्या जिन्यात पडली. मॅनेजरबाईंचा फोन आला. लवकर या, तुमची मुलगी बोलत नाहीये.

जिन्यावर सूप सांडलेलं, पायरीपायरीवर गाजराचे चौकोनी तुकडे. पहारेकऱ्याने तिच्यावर आपला कोट टाकला होता. त्या कोटाखाली कुणी आहे असं वाटतच नव्हतं, नुसता कोट पडल्यासारखा दिसत होता. मागून एक बाई हळूच म्हणाली, शाळेतली असेल बिचारी.

शुद्धीवर आली तेव्हा माझ्याकडे बघून पहिलं काय बोलावं? "आई, सूप अंगावर सांडलंय. ते कातडीतून आत जात नाही ना?"

आजूबाजूच्यांना वाटलं, डोक्याला मार लागलाय. मला वाटलं असतं तर बरं झालं असतं. मी तिला सांगितलं, नाही गं, नाही जात. कारण मला प्रश्न कळला होता.

२१ जुलै

रुग्णालयात आहोत. हृदयाचे ठोके फार मंद पडलेत. नाकातून नळी. लिहवत नाही.

२९ जुलै

डॉक्टरीणबाई माझ्या लेकीहून थोडीच मोठी. आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाली, हा आजार आहे, हट्ट नाही आणि संयम तर मुळीच नाही. शरीर खंगलंय, आणि मन त्याच्याही आधीपासून खचलंय. ती काही महिने रोज मरायचा विचार करत होती. हे तिने डॉक्टरला सांगितलं. मी तिच्या शेजारी उभी राहून रोज गाजरं चिरत होते.

मग डॉक्टर माझ्याकडे वळली. तुम्ही डाएट किती वर्षं करताय? मी म्हटलं, मी कधीच केलं नाही. दिवसातून किती वेळा जेवता? तीन वेळा, मी सांगितलं. हे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरने ते हेरलं आणि यांना विचारलं, तुम्ही यांना पुढ्यात ताट घेऊन बसून जेवताना शेवटचं कधी पाहिलंत?

हे कितीतरी वेळ आठवत राहिले. शेवटी म्हणाले, "आमच्या लग्नात."

डॉक्टरला वाटलं गंमत करतायत. हे गंमत करत नाहीत.

मला संताप आला. आजारी ती आहे. मला कशाला उलटंपालटं करून बघताय?

ताई दिवसभर तिच्या उशाशी असते. माझ्याशी नीट बोलते, मागचं काढत नाही. काढलं असतं तर मला उत्तर तरी देता आलं असतं.

४ ऑगस्ट

नळी काढली. आज जेवणाचा पहिला ट्रे आला. नर्स समोर बसून भरवते, मीही बसले होते. ढमीने ब्रेडच्या तुकड्याला बोट लावलं, लोण्याने ओलसर होतं. माझ्याकडे बघून विचारलं, किती आहे यात? आणि माझ्या तोंडून आकडा गेला. ब्रेडचा वेगळा, लोण्याचा वेगळा, आणि बेरीज. विचारही केला नाही, पाढा म्हणावा तसा निघाला.

ढमीने ट्रे बाजूला केला.

नर्सने मला बाहेर बसायला सांगितलं. शांतपणे सांगितलं, पण दार लावून घेतलं. व्हरांड्यात बाकावर बसून मी आतला आवाज ऐकत राहिले. ती नर्स तिला कसलातरी सिनेमा सांगत होती. बऱ्याच वेळाने चमचा वाजला.

११ ऑगस्ट

डबे बंद केलेत, पण पत्रकं अजून जिममध्ये पडून आहेत, त्यामुळे फोन थांबत नाहीत. आज एक वकीलबाई होत्या. पत्रकावरच्या मुलीने जो डबा घेतला तोच मला लावा, म्हणाल्या. मी म्हटलं, बंद झाला. त्या ऐकेनात. डबा राहू द्या, तिने नेमकं काय खाल्लं तेवढं सांगा, मी घरी करून घेईन.

मी म्हटलं, काहीच नाही. माझा डबा ती रोज जिमच्या मागे कुत्र्यांना घालायची, तिनेच सांगितलं डॉक्टरला. काही खात नव्हती.

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, कळलं यांना.

"अच्छा," वकीलबाई म्हणाल्या, "म्हणजे नुसत्या पाण्यावर? आणि किती दिवस?"

फोन ठेवला आणि तशीच जिममध्ये गेले, उरलेली पत्रकं परत मागितली. जिमवाला म्हणाला, संपली कधीच, लोकांनी हातोहात नेली. लेक कशी आहे, विचारलं त्याने. आजारी आहे म्हटलं. "अरेरे. पण फोटो जबरदस्त हं."

२५ ऑगस्ट

ढमीला घरी आणलं. डॉक्टरचे नियम सोपे आहेत, भिंतीवर लावायचीही गरज नाही. तिन्ही वेळा सगळ्यांनी एकत्र बसायचं. सगळ्यांना सारखंच वाढायचं. ताटात किती काय आहे यावर बोलायचं नाही. जेवल्यावर अर्धा तास कुणी न्हाणीघराकडे जायचं नाही. वजनकाटा ताईने पिशवीत घालून नेला. यांनी रजा काढलीय.

पहिल्याच जेवणाला ताटली भिंतीवर गेली. ढमी मला म्हणाली, तूच शिकवलंस आणि आता तूच मला फुगवायला निघालीस. मी भिंत पुसली. दुसरी ताटली वाढली. तिने चार घास खाल्ले, प्रत्येक घासाला रडली. हे शेजारी बसून छापखान्यातले किस्से सांगत होते, एकाच्या लग्नपत्रिकेवर दुसऱ्याच नवरदेवाचं नाव छापलं गेलं होतं ते. ढमी रडता रडता किंचित हसली. मला वाटलं मी सोडून सगळ्यांना काहीतरी येतं.

३१ ऑगस्ट

आज दुपारचं लिहून ठेवते.

आठवडाभर मी वाढत होते. ताई, हे आणि ढमी बसायचे, मी ओट्याशी. कुणाला काय हवं-नको बघायला कुणीतरी उभं पाहिजे, असं माझं म्हणणं. आज ढमीने चमचा खाली ठेवला.

"आई बसली तर मी खाईन."

मी म्हटलं, मी मागून जेवते. तिचा चमचा खालीच. हे उठले, माझ्यासाठी ताट घेतलं आणि स्वतःच्या हाताने वाढलं. ढमीला होतं तेवढंच. भात, त्यावर लोणी, उकडलेला बटाटा, मटार, अंडं. मग माझी खुर्ची ओढून उभे राहिले, हॉटेलातल्या वेटरसारखे. मी बसले.

लोणी वितळून भाताच्या कडेने पसरत होतं. मी त्याच्या पलीकडचा कोरडा भात चमच्याच्या टोकावर घेतला. अंड्यातलं पिवळं बाजूला सारलं. मटार कडेला लावत गेले. हे सगळं माझे हात करत होते, मी नव्हे. मान वर केली तर समोर ढमीच्या ताटातही तेच चाललं होतं. पिवळं बाजूला, मटार कडेला. ती थांबून माझ्या हातांकडे बघत होती.

"आई, तुलाही येत नाही," ती म्हणाली. चिडून नाही. दिसलं ते सांगितलं.

तिने आपला चमचा भरला, लोण्यासकट, आणि तोंडाशी धरून थांबली. माझ्यासाठी थांबलीय हे कळायला मला वेळ लागला. मीही भरला. दोघींनी एकदम घेतला. मग पुन्हा. भात गार झाला तसा यांनी मध्येच गरम करून आणला. ताईने एकदा डोळे पुसले आणि आपल्या ताटातलं संपवत राहिली.

आम्ही संपवलं नाही. दोघींच्या ताटांत निम्मं उरलं. पण जे गेलं ते गेलं, आणि माझ्या पोटात ते दगडासारखं बसलं. मला जी घाई सुटते ती सुटली. हात धुवून येते म्हणून उठले. ढमीने माझं मनगट पकडलं. बोटांत जोर नव्हता, नुसती हाडं होती. मला सहज सोडवून घेता आलं असतं.

नाही सोडवलं.

ताई गेली. हे भांडी घासतायत. मी पलंगावर बसून लिहितेय, हात गुंतलेले बरे म्हणून. ढमी न्हाणीघराच्या दाराला पाठ लावून, खुर्ची टाकून बसलीय. स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून घेतल्यात. तिने पडायला हवं, डॉक्टरने सांगितलंय जेवल्यावर पडायला. मी म्हटलं, मी नाही जाणार आत, खरंच नाही जाणार, तू जाऊन पड.

ती जागची हलली नाही.

"मीही तुला असंच सांगायचे," म्हणाली.